मुलींना स्मॉल

"परत थांबलीस?" शिर्के सर खालून म्हणाले. त्यांना ओरडावं लागत नसे. त्यांचा आवाज दरीतून तसाच वर यायचा.

मी बैलउताराच्या तोंडाशी एक पाय दगडावर टेकून उभी होते. बैलउतार म्हणजे पाचगणीच्या मागच्या अंगाला असलेली जुनी वाट. मुरमाची, मधे मधे दगड वर आलेले आणि सुरुवातीलाच इतकी सरळ खाली गेलेली, की वरून पायथ्याचा माणूस दिसतो पण मधली वाट दिसत नाही. राज्याच्या माउंटन बाइक संघाची निवडचाचणी पावसाळा संपल्यावर तिथेच व्हायची होती.

"उतर आणि चालत ये. पोरं ताटकळलीत."

सायकल हातात धरून मी कडेकडेनं खाली आले. खाली क्लबची मुलं बसली होती. इरफान मुलाणीनं काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. सर मात्र बोललेच.

"पाय चांगले आहेत, दम चांगला आहे. चढावर तू ह्या सगळ्यांना रडवतेस. पण उतार आला की तुझी हेमलता होते."

मुलं हसली. इरफान हसला नाही.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. आमच्या क्लबमध्ये ते एका बाईचं नाव आहे हे सगळे जवळजवळ विसरले होते. वळणावर कुणी कचरलं की त्यानं 'हेमलता केली'. पावसात कुणी सरावाला आलं नाही की त्याची 'हेमलता झाली'. मीही ते कधीतरी हसत ऐकलं असेल. त्या दिवशी ते माझ्यावर आलं आणि कानशिलं तापली.

शिर्के सर एके काळी रस्त्यावरच्या शर्यतींत देशभर गाजलेले. डांबरी रस्त्यावर वाऱ्याशी झगडायचं तर अंग जितकं खाली, तितकं बरं. ते त्यांच्या हाडात बसलेलं होतं. डोंगरातल्या सायकलींची शिकवणी सुरू केली तेव्हाही त्यांनी ते सोडलं नाही. छाती हँडलला लागली पाहिजे, असं ते प्रत्येकाला सांगायचे. मुलं हो म्हणायची आणि सर गेले की आपापली हँडलं हवी तशी करून घ्यायची. माझी सायकल मात्र ते स्वतः बघत.

ती सायकल कशी मिळाली तेही सांगायला हवं. त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं क्लबला नव्या सायकली दिल्या. पुढे शॉक, मागे शॉक, दणके झेलून दगडांवरून पाण्यासारख्या जाणाऱ्या. सरांनी एकेका मुलाला क्लबच्या गोदामाच्या भिंतीला उभं करून उंची मापली, पायांचं माप घेतलं, कुणाला मीडियम, कुणाला लार्ज दिली. माझी पाळी आली तेव्हा टेप गुंडाळून खिशात घातला आणि म्हणाले, "मुलींना स्मॉल."

"सर, मी इरफानएवढी उंच आहे," मी म्हणाले.

"मोठ्या सायकलवर मुलगी फोटोत बरी दिसत नाही. शिवाय ही हलकी आहे, वळेल पटकन. घे."

क्लबमध्ये मी एकटीच मुलगी होते. फुकट मिळालेल्या सायकलवर वाद घालायचा नसतो असं मला वाटलं. मी घेतली.

त्यानंतर वर्षभर बैलउताराच्या तोंडाशी गेलं की माझे तळहात जड व्हायचे. उतारावर पुढचा ब्रेक जरा दाबला की पुढचा शॉक आत जायचा, हँडल आणखी खाली जायचं आणि आपण चाकाच्या पुढे ओतले जातोय असं वाटायचं. मी थांबायचे. सर म्हणायचे, भीती मनात आहे. मी वाईला घरी जाऊन नदीच्या घाटावर बसायचे आणि मनातली भीती शोधायचे. ती सापडली नाही तरी ती आहे, हे मी मान्य केलं होतं.

मग एका सकाळी माझ्या सायकलच्या मागच्या शॉकमधली हवा गेली. पंप गाडीत राहिला होता. इरफान म्हणाला, "माझी घेऊन जा एक राउंड. मी बसतो."

त्याची मीडियम होती. मी सीट खाली केली आणि बैलउताराकडे निघाले. थांबायचं आहे हे मला माहीतच होतं, त्यामुळे मनात काही नव्हतं. तोंडाशी आले, ब्रेक लावला, पण पुढे ओतल्यासारखं झालं नाही. हँडल हाताला आलं होतं, छातीच्या खाली नाही, समोर. पुढचं चाक माझ्यापासून लांब होतं, माझ्या आधी दगड चाचपत चाललं होतं. मी ब्रेक सोडला. दगड आले, गेले, वाट वळली, मी वळले आणि पायथ्याशी इरफानच्या समोर येऊन उभी राहिले.

तो उठून उभा राहिला. "अगं, उतरलीस की."

"हो," मी म्हणाले.

सर मुलांना घेऊन पलीकडच्या चढाला गेले होते. पंप आला, माझ्या शॉकमध्ये हवा भरली. इरफानला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "तुझी मला दे बरं." तो माझी सायकल घेऊन वर गेला. क्लबमध्ये बैलउतार त्याच्याइतका सहज कुणी उतरत नसे. मी खालून बघत होते. तो तोंडाशी आला आणि थांबला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा कसाबसा आला, तोही ढुंगण मागच्या चाकावर टेकवून, वाटेत एक पाय टाकून.

"हिच्यावर तू वर्षभर उतरायला बघतेस?" तो म्हणाला. "तोंडावर पाडते ही. हँडल गुडघ्यात आहे."

आम्ही दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या. माझ्या फ्रेमची पुढची नळी मुळातच आखूड. त्यावर हँडल बसवताना उंचीसाठी खाली कड्या घालतात, स्पेसर म्हणतात त्यांना. माझ्या सगळ्या कड्या काढून हँडलच्या वर घातलेल्या होत्या. हँडल जितकं खाली जाईल तितकं नेऊन ठेवलेलं. मी तिथेच कड्या खाली घातल्या. फ्रेम लहानच राहिली, पण हँडल निदान हाताशी आलं. त्या दिवशी मी माझ्याच सायकलवरून, अडखळत का होईना, बैलउतार उतरले.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेले तर कड्या पुन्हा वर होत्या.

"सर, हँडल कुणी खाली केलं?"

"मी केलं. कुणी वर केलं होतं?"

"मी. त्यानं मला उतरता येतं."

ते हसले, खरोखर मायेनं हसले. "वैजयंती, भित्र्या माणसाला हँडलच दिसतं. मन वर कर, हँडल नाही."

"इरफानलाही ह्या सायकलवर उतरता आलं नाही."

सरांनी इरफानकडे बघितलं. इरफान म्हणाला, "खरंय, सर."

"तुझी सवय वेगळी, तिची वेगळी. मी किती वर्षं सायकल चालवतोय?"

"रस्त्यावर, सर," मी म्हणाले.

सरांचा चेहरा बदलला नाही, आवाज मात्र उतरला. "निवडचाचणीला माझ्या सेटिंगवर उतरायचं. नाहीतर उतरायचंच नाही. हेमलतानंही शेवटी शेवटी हेच सुरू केलं होतं. हँडल, हँडल, हँडल. मग घरी बसली."

मी पाना हातात घेऊन तशीच उभी राहिले. हेमलताही हँडलबद्दल बोलायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना इरफानला विचारलं, "ही हेमलता राहते कुठे?"

"भिलारची. हेमलता भिलारे. आता शाळेची व्हॅन चालवते, पाचगणी ते वाई. तू रोज बघत असशील."

त्याच आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी मी व्हॅनपाशी जाऊन उभी राहिले. उंच, सावळी बाई, डोक्याला रुमाल बांधलेला. मुलांना एकेक करून आत बसवत होती. मी म्हणाले, "ताई, मला वाईपर्यंत सोडाल का? मी शिर्के सरांच्या क्लबमध्ये आहे."

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "पुढे बस. पोरीला मांडीवर घे."

पोर तिचीच होती, ओवी, पहिलीतली. पसरणी घाटात शिरलो तर धुकं. बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. मागे डझनभर मुलं गाणी म्हणत होती. एका वळणावर समोरून एसटी अंगावर आल्यासारखी आली. हेमाताईंनी व्हॅन थांबवली, आरशात बघितलं आणि मागे दरी असलेल्या वळणावर धुक्यात हळूहळू मागे घेतली. एसटी गेली. मुलांचं गाणं मधे तुटलंसुद्धा नाही.

"काय म्हणतात सर?" त्यांनी गिअर टाकत विचारलं.

"बरे आहेत. तुमचं नाव घेतात."

"घेत असतील. मी नॅशनलच्या कॅम्पला निवडली गेले होते आणि गेले नाही. भित्री आहे ना मी. उतार बघितला की काळीज पाणी व्हायचं." हे त्यांनी आपल्याला चष्मा आहे असं सांगावं तसं सांगितलं.

मी खिडकीतून खाली बघितलं. कठड्यापलीकडे पांढरंधोप होतं.

"ताई, तुमची सायकल कुठली होती?"

"क्लबची. दोन्ही शॉकच्या पहिल्या सायकली आल्या होत्या, त्यातली मुलींची."

"लहान?"

"लहान म्हणजे... मुलींची." त्यांनी हॉर्न दिला. "का गं?"

"आणि हँडल?"

घाट संपला, धुकं वर राहिलं, वाईची पहिली घरं दिसू लागली.

"हँडल सर खाली करायचे," त्या म्हणाल्या. "मी वर करायचे, ते खाली करायचे."

मग मी इरफानच्या सायकलचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "आता काय त्याचं. उतर, तुझा स्टॉप आला."

रविवारी आम्ही बैलउतारावर असू, एवढं मी उतरता उतरता सांगितलं, आणि रविवारी सकाळी त्या वर आल्याच. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली, पायात जुने बूट. घरी काय सांगून आल्या ते मी विचारलं नाही. इरफाननं आपली सायकल आणली होती. त्यानं त्यांना उभं केलं, हँडल त्यांच्या हाताच्या बेतानं बसवलं, मग दोनदा बाजूच्या सपाटीवर फिरायला लावलं.

"इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला ब्रेकही आठवत नाहीत."

"नका जाऊ मग," इरफान म्हणाला. "नुसतं बसून बघा."

त्या तोंडाशी गेल्या. खालची वाट बघितली. मला वाटलं, थांबतील. त्या थांबल्या नाहीत. सावकाश, ब्रेक धरत, एकेक दगड चुकवत, वळणं कळणाऱ्या बाईसारख्या त्या उतरत गेल्या. आम्ही धावत खाली पोचलो तेव्हा सायकल आडवी पडली होती आणि त्या शेजारी मातीत बसल्या होत्या.

"लागलं का?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "मला वाटलं होतं, उतरले तर हसेन." त्या हाताचे पंजे उलटसुलट करून बघत होत्या. "माझ्या पोरीनं सायकल मागितली होती. मी दिली नाही. आपल्याला जमत नाही म्हणाले, आपल्या रक्तातच भीती आहे."

मग उठून त्या म्हणाल्या, "सर कुठे भेटतील आत्ता?"

सर गोदामाच्या ओसरीत पेपर वाचत बसले होते. हेमाताईंना बघून त्यांना खरंच आनंद झाला. "अरे, हेमलता. किती वर्षांनी. बस. चहा सांगू?"

"नको, सर. मी आत्ता बैलउतार उतरून आले."

"वा. म्हणजे भीती गेली शेवटी."

"भीती नव्हती, सर. सायकल लहान होती, हँडल खाली होतं."

सरांनी पेपरची घडी घातली. "हे वैजयंतीनं शिकवलेलं दिसतंय. हे बघ, तेव्हा ह्या सायकली नव्याच होत्या. कुणाला काय माहीत होतं?"

"मला माहीत होतं," हेमाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तुम्हाला सांगितलं होतं. दर वेळी सांगत होते. पुढे फेकली जाते, हात बधिर होतात, हँडल वर करू द्या. तुम्ही मुलांसमोर म्हणालात, हिला पायघड्या घाला. कॅम्पला जायच्या आदल्या दिवशी मी रडले होते, आठवतं का? तुम्ही म्हणालात, रडणाऱ्यांचा हा खेळ नाही."

"तुझं वाईट व्हावं म्हणून केलं का मी?"

"नाही. म्हणून तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. एखादा शब्द. त्या शब्दासाठी मी तिथे उभी होते आणि मला वाटतं हेमाताईही.

"झालं ते झालं," सर म्हणाले. "तुझं लग्न झालं, पोर झाली, सगळं नीट आहे. आता काय हवंय?"

"हिचं हँडल वर करा. आणि माझं नाव शिवीसारखं वापरणं बंद करा."

"निवडचाचणीच्या तोंडावर बाहेरच्या माणसानं मला शिकवायचं नाही." ते उठले. मग माझ्याकडे वळले. "सायकल आत ठेव. ती क्लबची आहे."

मी ठेवली. ठेवताना मी सरांकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

चाचणीच्या दिवशी मुलींची फेरी आधी होती आणि मुलांची नंतर. इरफाननं सरांच्या डोळ्यांदेखत आपली सायकल माझ्या हातात दिली. "पाडू नकोस, मला नंतर लागणार आहे," एवढंच म्हणाला. मी पाडली नाही. बैलउतार आला तेव्हा मी इतकी चिडलेली होते, की तो कधी संपला ते कळलं नाही. खाली नावं वाचून दाखवली, त्यात माझं होतं.

गर्दीत हेमाताई ओवीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझा खांदा दाबला. तेवढ्यात एक वार्ताहर पुढे आला. सर आधीच तिथे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, छायाचित्रकारानं फोटो घेतला, आणि सर म्हणाले, "ह्या मुलीच्या मनात उताराची प्रचंड भीती होती. ती काढायला मला वर्ष लागलं. प्रशिक्षकाचं काम तेच असतं."

मी त्यांचा हात बाजूला केला. "हे खोटं आहे," मी म्हणाले. वार्ताहर गोंधळला. हेमाताई पुढे झाल्या. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि सगळं सांगितलं: मुलींची सायकल, कड्या, कॅम्प, व्हॅन. वार्ताहर मान हलवत होता, लिहीतही होता. सर मुलांच्या फेरीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचं वाक्य होतं, तिरक्या अक्षरात. सोबत फोटो, माझ्या डोक्यावर त्यांचा हात. हेमाताईंचं नाव कुठेच नव्हतं. वडिलांनी ती बातमी कापायला कात्री घेतली तेव्हा मी पेपर ओढून घेतला. घरात बराच आरडाओरडा झाला. पहिल्यांदाच निवड झालेल्या मुलीनं आपल्याच बातमीवर का संतापावं, हे आईला कळेना.

मी क्लब सोडला. पुढे पुण्यातून खेळले, काही वर्षं बरी खेळले, मग गुडघ्यानं थांबवलं. शिर्के सरांचा मागच्याच वर्षी मोठा सत्कार झाला. हजारो मुलांच्या मनातली भीती काढणारा माणूस, असं मानपत्रात होतं म्हणे. मला बोलावणं आलं होतं. मी गेले नाही.

त्या निवडीनंतरच्या सुटीत मात्र एका संध्याकाळी मी भिलारला गेले होते. शाळेच्या मैदानात हेमाताई ओवीला सायकल शिकवत होत्या. सायकल तिच्या मापाची होती. त्यांनी वाईला तीन दुकानं पालथी घातली होती. ओवी दोन-चार फेऱ्यांनंतर स्वतःच चालवू लागली, पडली, उठली, धापा टाकत आमच्यापाशी आली.

"आई, तू का सोडलीस गं सायकल? भीती वाटायची म्हणून ना?"

हेमाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी ओवीच्या गुडघ्यावरची माती झटकली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला चुकीची सायकल दिली होती. मी सांगत होते आणि कुणी ऐकलं नाही."

ओवीनं थोडा विचार केला. "मग तू भांडली का नाहीस?"

"आता भांडते," हेमाताई म्हणाल्या आणि तिला पुन्हा सायकलवर बसवलं.